भरती असताना बेलापूरचं पाणी जातं कुठे?

जून उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो : "आज दुपारी १२.४० ला ४.७ मीटरची भरती, काळजी घ्या." त्याखाली लगेच दोन प्रश्न येतात. पावणेपाच मीटर म्हणजे पहिला मजला बुडणार का? आणि दुसरा, जरा रागाने विचारलेला : नवी मुंबई तर नियोजन करून वसवलेलं शहर ना, मग सीबीडीत, म्हणजे बेलापूरच्या व्यापारी केंद्रात, गुडघाभर पाणी कसं साचतं?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. नाले साफ झाले नाहीत हे उत्तर आपण पटकन देतो, आणि ते काही वेळा खरंही असतं. पण बेलापूर, वाशी, सानपाडा, कोपरखैरणे इथे पाणी का साचतं हे नीट समजायचं असेल तर आपण कसल्या जमिनीवर राहतो आणि ती जमीन आपल्याआधी कोणी राखली, तिथून सुरुवात करावी लागते. शहर नवं असलं तरी जमीन आणि तिची शिस्त फार जुनी आहे.

डोंगर आणि खाडी यांच्यामधली पट्टी

जुनी माणसं या भागाला अजूनही 'बेलापूर पट्टी' म्हणतात. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मध्ये उत्तर-दक्षिण पसरलेली चिंचोळी सपाटी. दक्षिणेला बेलापूरपाशी पनवेलची खाडी येऊन मिळते. त्या तोंडावर नजर ठेवण्यासाठीच बेलापूरचा किल्ला तिथे उभा राहिला. तो पोर्तुगीजांकडे होता आणि १७३७ मध्ये, वसईच्या मोहिमेच्या सुरुवातीच्या काळात, मराठ्यांनी घेतला. त्या काळी या भागात जायचं-यायचं ते होडीने, त्यामुळे खाडीचं तोंड ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळी पट्टी.

डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांनी खाली धावतो आणि खाडी गाठतो. अंतर फार नाही, डोंगराचा उतार तीव्र आहे आणि खालची जमीन मात्र जवळजवळ सपाट. म्हणजे पाणी वेगाने येतं आणि खाली आल्यावर मंदावतं. मंदावलेलं पाणी खाडीत उतरायला खाडीची पातळी त्या पाण्यापेक्षा खाली हवी. ओहोटीला ती खाली असते. भरतीला नसते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पावणेपाच मीटर कुठून मोजतात?

पहिला मजला बुडणार नाही. भरतीच्या तक्त्यातली उंची आपल्या रस्त्यापासून मोजत नाहीत आणि सरासरी समुद्रसपाटीपासूनही मोजत नाहीत. ती मोजतात सर्वांत खालच्या ओहोटीच्या जवळपासच्या एका ठरवलेल्या पातळीपासून, कारण हे तक्ते मुळात जहाजांसाठी असतात आणि जहाजाला तळाशी किमान किती पाणी आहे ते कळायला हवं. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी या शून्यापेक्षा साधारण अडीच मीटर वर असते. म्हणजे ४.७ मीटरची भरती ही सरासरी सपाटीपेक्षा सव्वादोन मीटर उंच.

'नवी मुंबई समुद्रसपाटीखाली आहे' असं सर्रास लिहिलं जातं, त्यातही याच हिशेबाचा गोंधळ असतो. नेमकं म्हणायचं तर शहराचे काही सखल भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. एरवी ते कोरडेच राहतात, पण उधाणाच्या त्या चार-पाच तासांत खाडीचं पाणी बाहेर वर आणि वस्ती आत खाली, अशी स्थिती होते.

तिथीची पाऊणपट

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकीला काटकोनात येते, पाणी जेमतेम वर-खाली होतं. त्याला कोळी 'भांग' म्हणतात.

दिवाळे गावाच्या जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांना मी विचारलं, "काका, आज पाणी कधी भरणार?" त्यांनी मोबाइल काढला नाही की तक्ता पाहिला नाही. उलट मलाच विचारलं, "तिथी कोणती आज?" मी म्हटलं, षष्ठी. "मग साडेचारला." आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

हिशेब असा : तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. षष्ठी म्हणजे सहा, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणून साडेचारला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, एकदा दुपारी आणि एकदा मध्यरात्री. खाडीत आत जावं तसा थोडा उशीर धरायचा. हा हिशेब अख्ख्या कोकण किनाऱ्यावर चालतो आणि आजही थोडं इकडे-तिकडे सोडलं तर बरोबर येतो.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. आपल्या किनाऱ्यावर मोठं उधाण घड्याळाच्या ठरावीक वेळीच येतं, दुपारी किंवा मध्यरात्री बारा ते दोनच्या सुमारास. सकाळी सात वाजता पावणेपाच मीटरची भरती येणार असल्याचा मेसेज आला, तर तो पुढे पाठवू नका. सातची भरती अष्टमी-नवमीची असते, आणि ती भांगाची.

शहर येण्याआधी पाणी कोण राखायचं?

हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नव्या मुंबईबद्दलच्या बोलण्यात तोच सर्वांत कमी येतो.

दिवा, गोठिवली, घणसोली, तळवली, कोपरखैरणे, जुहूगाव, वाशीगाव, सानपाडा, शिरवणे, नेरूळ, सारसोळे, करावे, दिवाळे, बेलापूर, शहाबाज : ही गावं आगरी आणि कोळी समाजाची. गावठाण, म्हणजे गावाची मूळ वस्ती, त्यातल्या त्यात उंच जागी, आणि त्याच्या पुढे खाडीपर्यंत खार जमीन. भरतीचं खारं पाणी जिथवर येतं ती ही जमीन तशी पडीकच. तिच्यात भात पिकवायचा तर आधी समुद्र अडवावा लागतो.

तो अडवायचे मातीच्या बांधाने. पाऊस संपला, ओहोटी लागली की खाडीच्या अंगचा चिकट चिखल काढायचा, ढेकळं हातोहात पुढे द्यायची आणि थरावर थर रचत बांध वर आणायचा. बांध वाळला की भेगा पडतात, त्या पुन्हा चिखलाने बुजवायच्या. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, त्यात बिळं करतात. एवढंसं बीळ, पण उधाणाचं पाणी त्यातून झिरपू लागलं की रात्रीत त्याचं भगदाड होतं. त्याला म्हणतात खांड. खांड गेली की एका घरचं नाही, सगळ्या गावाचं शेत खारं होतं, आणि ते मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात. त्यामुळे बांधाची राखण ही गावकीची गोष्ट होती. ज्याचं शेत त्या बांधाच्या आत, त्याने बांधावर राबायला यायचं. सबबी चालत नसत.

पण नुसता बांध घातला तर डोंगरावरून आलेलं पावसाचं पाणी आतच अडकेल. म्हणून बांधात जागोजागी उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे पाणी बाहेर सोडायचा दरवाजा. त्याची झडप बाहेरच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त, झडप ढकलली जाते, पाणी निघून जातं. भरती चढू लागली की बाहेरचं पाणी झडप दाबून बंद करतं. वीज लागत नाही की कोणी उभं राहावं लागत नाही. पण झडपेत एखादा ओंडका अडकला तर ती मिटत नाही आणि खारं पाणी थेट शेतात, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

मग जून-जुलैचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन उघाडीवाटे बाहेर नेतो, आणि त्या चिखलात मोड आलेलं भाताचं बी फेकतात. त्याला रहू म्हणतात. वाणही खास : भुरा राता, काळा राता. खारेपणा सोसणारे, लाल दाण्याचे. पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र पुढे याच प्रश्नावर काम करत राहिलं आणि 'पनवेल-१', 'पनवेल-२' अशा जाती त्यातून आल्या. भात कापला की काही जमिनीत मिठागरं, डबक्यांतून जिताडा, खाडीत कोळंबी, बोईट, निवट्या. घरं चालायची ती या सगळ्यांवर मिळून.

या व्यवस्थेत दोन गोष्टी पक्क्या होत्या. पाणी फक्त ओहोटीलाच बाहेर जाणार हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. आणि झडप मिटेल त्या वेळेत आलेलं पाणी थोपायला शेतं होती. भाताचं शेत चार-सहा तास वीतभर जास्त पाण्यात राहिलं तर बिघडत नाही.

१९७० नंतर काय झालं?

मुंबईवरचा भार हलका करायला खाडीपलीकडे जुळं शहर वसवावं, ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे हे शहर उभारणारी सरकारी संस्था, स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या परिसरात, ३४४ चौरस किलोमीटरवर हे शहर आखलं गेलं. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ मध्ये रेल्वे वाशीला पोहोचली.

जमीन शेतकऱ्यांची आणि मिठागरांची होती. मोबदला तुटपुंजा होता. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक मारले गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली : जेवढी जमीन घेतली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव हवं, या आग्रहाच्या मागे हा सगळा इतिहास आहे.

पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर याच काळात आणखी एक गोष्ट घडली. जमीन गेली तशी बांधावर राबणारी माणसंही बांधापासून दूर झाली. शेतीच नाही तर बांध कशासाठी जपायचा? खाडी आणि उघाडीची वेळ ओळखणारी गावकी उरली, पण तिच्या हातात राखायला काही राहिलं नाही.

धारण तलाव

सिडकोच्या अभियंत्यांना जमीन सखल आहे हे ठाऊक होतं. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. सगळी जमीन भराव घालून उंच करायची, किंवा भराव बेताचा ठेवून पाण्याला थांबायला जागा द्यायची. सगळा भराव करायचा तर त्यासाठी डोंगरच्या डोंगर फोडावे लागले असते. म्हणून सखल भागांसाठी दुसरी वाट घेतली. तिला 'डच पद्धत' म्हणतात, कारण नेदरलँड्समध्ये समुद्राच्या पातळीखालच्या जमिनी अशाच राखतात. बेलापूर, वाशी, सानपाडा, कोपरखैरणे, ऐरोली या भागांत मिळून पाणी थोपवून धरणारे असे दहा-अकरा धारण तलाव आहेत.

सोसायटीची पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून मधल्या वेळेसाठी आपण साठवून ठेवतो. धारण तलाव हे काम उलट्या दिशेने करतो : पाणी बाहेर जायची वेळ ठरावीक, म्हणून मधल्या वेळेत जमलेलं पाणी त्यात थांबतं. भरतीला झडपा मिटतात, नाल्यांचं पाणी तलावात येतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि तलाव रिकामा होतो. आगरी शेतकऱ्याच्या उघाडीचंच हे तत्त्व. शेताऐवजी तलाव आणि लाकडाऐवजी लोखंड.

आता हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या एका तलावाचे नाहीत. १०० हेक्टर वस्तीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाभरात ५ कोटी लिटर पाणी जमतं. झडपा तीन तास मिटलेल्या राहिल्या तर १५ कोटी लिटर. तलाव पाच हेक्टरचा आणि तीन मीटर खोल असेल तर त्यात बरोबर १५ कोटी लिटर मावतं. काठोकाठ, पण मावतं. आता त्या तलावात दीड मीटर गाळ बसला आहे असं धरा. त्यात साडेसात कोटी लिटर मावेल. उरलेलं साडेसात कोटी लिटर तुमच्या-माझ्या तळमजल्यावर आणि दुकानांत.

नाला कितीही स्वच्छ असला तरी या हिशेबात फरक पडत नाही. स्वच्छ नाला पाणी तलावापर्यंत लवकर आणेल इतकंच.

मग गाळ काढत का नाहीत?

इथे खरी अडचण आहे आणि ती समजून घ्यायला हवी. तलावात वर्षानुवर्षं गाळ बसत गेला, भरतीबरोबर खारफुटीचं बी आत आलं आणि त्या गाळात रुजलं. खारफुटीला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांचं संरक्षण आहे, पहिला मोठा आदेश २००५ चा आणि सविस्तर निकाल २०१८ चा. न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाही. त्यामुळे यंत्र तलावात उतरवायचं तरी परवानगीची वाट पाहावी लागते.

यावर "मग काढून टाका ती झुडपं" असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. खाडीकाठची खारफुटी उधाणाच्या लाटेचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते आणि कोळंबी-चिंबोऱ्यांची पिल्लं तिच्याच मुळांत वाढतात. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला, तो याच चिखल-खारफुटीमुळे. पण खाडीकाठचं जंगल आणि पाणी साठवायला खणलेल्या तलावात उगवलेली झाडं, या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करावा लागेल. तलावातली काढायची तर कुठली, किती आणि तिच्या बदल्यात कुठे लावणार, हे आधी ठरवून न्यायालयापुढे ठेवणं हाच मार्ग आहे. एका वर्षी गाळ काढला आणि पुढची वीस वर्षं पाहिलंच नाही, तर पुन्हा तीच वेळ येणार. बांधावर दरवर्षी चिखल घालणाऱ्यांना हे सांगावं लागत नव्हतं.

पंप बसवले तर?

बसवलेले आहेत, आणि ते लागतातच. झडप मिटलेली असताना पाणी बाहेर काढायचा तोच एक उपाय. पण पंपाला डिझेल किंवा वीज लागते, गाळ-प्लास्टिक आलं की तो अडकतो, आणि वरच्या हिशेबातलं तासाला ५ कोटी लिटर उपसायला फार मोठी यंत्रणा लागेल. पंप तलावाला मदत करतो. तलावाची जागा घेऊ शकत नाही.

समुद्राची पातळी जगभर सरासरी वर्षाला तीन-चार मिलिमीटरने वाढते आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण सपाट जमिनीवर त्याचा अर्थ असा की झडपा उघड्या राहण्याचा वेळ हळूहळू कमी होत जाणार. तेवढ्या वेळेचं पाणी थोपायला आजच्यापेक्षा मोठे तलाव लागतील, लहान नव्हेत.

सगळ्यात आधी गावंच का बुडतात?

गावठाणं मूळची उंच जागी होती असं वर म्हटलं. मग आज अनेक गावांत पहिलं पाणी घरात शिरतं ते कसं? कारण गाव जिथल्या तिथे राहिलं आणि भोवतालची जमीन वर आली. सेक्टरला भराव, रस्त्याला भराव, मग दर काही वर्षांनी रस्त्यावर आणखी एक थर. शेजारच्या इमारतीचा तळमजला गावातल्या घराच्या खिडकीला लागतो, असं चित्र काही ठिकाणी दिसतं. गावाचं पाणी पूर्वी उतारावरून शेतात जायचं. ती शेतं आता सेक्टर आहेत आणि ती गावापेक्षा उंच आहेत.

"गावात बेकायदा बांधकामं झाली म्हणून तुंबतं" हे उत्तर मला अपुरं वाटतं. घरं दाटीने वाढली हे खरं, गटारांवर बांधकामं झाली हेही खरं. पण चार भावांच्या चार चुली झाल्या, शेत गेलेलं, गावठाणाची हद्द वेळेत वाढवून मिळाली नाही, तेव्हा माणसं जागा होती तिथेच वर चढली. लोक त्याला 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात आणि ती नियमित करण्याचा प्रश्न आजही चालूच आहे. तो मिटेल तेव्हा मिटेल. गावाचं पाणी कुठल्या नाल्याने कुठल्या तलावाला जायचं, याची आखणी त्यासाठी थांबायला नको.

आता आपण काय पाहायचं?

मोठ्या पावसाचा इशारा आला की भरतीची वेळ त्याच्या शेजारी ठेवून वाचा. कॅलेंडरवर तिथी पाहा, पाऊणपट करा. पावसाचा जोर आणि उधाणाची भरती एकाच वेळी येणार असतील तर सखल भागातली गाडी आदल्या रात्रीच हलवा. वेळा वेगवेगळ्या असतील तर धोका बराच कमी.

आणि आपल्या विभाग कार्यालयात जाऊन नालेसफाईच्या टक्क्यांऐवजी तलावाची खोली विचारा. बांधला तेव्हा किती मीटर होता, या वर्षी मेअखेरीस किती मोजला, किती झडपा आहेत, त्यातल्या किती पूर्ण मिटतात, पावसाळ्यात त्यांच्यावर रात्री कोण असतं. माझी मागणी एवढी आहे की प्रत्येक धारण तलावाच्या काठावर एक खोलीपट्टी उभी करावी. तिच्यावर मूळ तळ कुठे होता आणि आज गाळ कुठवर आला आहे या दोन रेषा रंगवाव्यात, आणि दर मे महिन्यात दुसरी रेष पुन्हा मोजून रंगवावी.